उघड्या मानेची पाहुणी

॥ श्री ॥
यावल, १४ नोव्हेंबर

चि. सौ. दिपमाला हिस अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या मानेतल्या गाठीचं काय ठरलं? तुझा फोन येतो, पण मला हल्ली ऐकू येत नाही, आणि तुझे भाऊजी ठीक आहे एवढंच सांगतात. लिहून कळव. जीव टांगणीला लागलाय.

इकडे एक पाहुणी आली आहे. दिवाळीनंतर केळीच्या बागेतून एक कोंबडी आपणहून परसात शिरली. मानेवर एक पीस नाही, पायात लाल-काळा दोरा. कुणाची तरी खूण असेल म्हणून सगळी आळी पालथी घातली. कुणी आपली म्हणेना. मग ठेवून घेतली. आपल्या कोंबड्यांनी टोचून हैराण केलं, म्हणून आठवडाभर टोपलीखाली वेगळी ठेवली. आता खुराड्यात कडेला बसते बिचारी. ह्यांना मात्र ती डोळ्यांसमोर नको. एवढा शांत माणूस, काठी घेऊन तिला हाकलत सुटतो! काय झालंय, देव जाणे.

पत्राला उशीर करू नकोस, माझी आण आहे.
तुझी अक्का


धुळे, १९ नोव्हेंबर

ती. अक्कास सा. न. वि. वि.

गाठ काढायचीच, असं डॉक्टर म्हणतात. ८ डिसेंबरला ऑपरेशन. साधी आहे की वाईट, ते काढून तपासल्यावर कळेल. सुनेसमोर हसते, मोरीत जाऊन रडते. तुझ्यापासून काय लपवू?

तुझ्या पाहुणीचं वाचून मात्र खरंच हसू आलं. टाके पडले की माझीही मान तशीच दिसेल. भाऊजींना म्हणावं, मग माझ्यामागेही काठी घेऊन लागाल का? बाकी सगळं छान, आमच्या धुळ्याच्या भाषेत बठ्ठं बेस शे!

माया आहे तेवढी राहू दे.
तुझी दिपा


यावल, २४ नोव्हेंबर

चि. दिपास आशीर्वाद.

अगं, घात झाला. शेजारच्या पुनाबाईने कोंबडीच्या पायातला दोरा पाहिला आणि किंचाळलीच. म्हणे ही उताऱ्याची कोंबडी. कुणीतरी आजारी माणसावरून उतरवून शिवेवर सोडली असणार. अशीला जो घरात घेतो, त्याच्या घरी ते दुखणं येतं. मी मेली खूण समजून बसले!

तुझं ऑपरेशन तोंडावर, आणि मी नेमकं हे घरात आणलं. अन्न गोड लागत नाही. आजच तिला शिवेवर सोडायला निघाले होते, पण तिच्यामुळे तू हसलीस ते आठवलं आणि हात धजेना. काय करू, तूच सांग.

तुझ्यासाठी देव पाण्यात ठेवलेली,
अक्का


धुळे, २८ नोव्हेंबर

ती. अक्कास नमस्कार.

तिला बाहेर काढू नकोस. कुणाच्या तरी घरी माझ्यासारखंच कुणी आजारी असेल. घरच्यांनी घाबरून केलं असेल, त्यांचा राग येत नाही. पण त्या मुक्या जिवाने काय केलं?

खरं सांगू? ऑपरेशन झालं की चार दिवस तुझ्याकडे येऊन राहावं असं मनात होतं. दुखणं घेऊन आलेल्या कोंबडीला तू घराबाहेर काढणार असशील, तर अक्का, मी कोणत्या तोंडाने येऊ?

मला फार भीती वाटते गं.
तुझीच,
दिपा


यावल, ३ डिसेंबर

माझ्या लाडक्या दिपास खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. तुझ्या शेवटच्या ओळी ऐकून ह्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि लहान मुलासारखे रडू लागले. माझ्या कानाशी येऊन सगळं सांगितलं. दिपा, ती कोंबडी ह्यांनीच सोडली होती. तुझ्यासाठी! मला न सांगता बाजारातून आणली. तुझं दुखणं मानेचं, म्हणून मुद्दाम उघड्या मानेची. तुझ्या लग्नातल्या फोटोवरून उतरवली आणि शिवेवर सोडून आले. जन्मभर असल्या गोष्टींना हसलेला माणूस, सांगायची लाज वाटली. आणि ती फिरून आपल्याच परसात आली. उतारा लागू पडला नाही, आता दिपाचं काही खरं नाही, या धास्तीने तिला हाकलत होते.

मी आधी खूप रागावले, मग मलाही रडू आलं. म्हटलं, दिपाचं दुखणं दुसऱ्या कुणाच्या दारात टाकत होता होय? ते आपल्याच घरी आलं, बरं झालं. आपलं माणूस, आपलं दुखणं. ह्यांनी स्वतः तिच्या पायातला दोरा कापला. आता संध्याकाळी तिला खुराड्यात तेच घेतात.

रविवारच्या बसने आम्ही दोघं निघतोय. कोंबड्या पुनाबाईकडे. पाहुणीलाही दाणे टाकीन, पण हात लावणार नाही, असं तिने बजावलंय. गाठ साधी निघो की वाईट, येताना तुला घेऊनच येऊ. माझ्या खाटेशेजारी तुझी खाट टाकून ठेवली आहे.

तुझी वाट पाहणारी,
अक्का