राजम्माचा रेडिओ आणि पाचचा भोंगा

१२ नोव्हेंबर ५६, माजरी
रेडिओची बॅटरी संपली. नवी नागपूरहून येणार, केव्हा ते देव जाणे. राजम्मानं रेडिओवर रुमाल पांघरला, बस. लग्न होऊन सिरोंच्याहून आली त्याला आठ महिने. इथं तिच्याशी तेलुगू बोलणारं तेवढंच एक. मी खाणीत विजेचं काम करतो आणि माझ्याच बायकोचा रेडिओ मुका! क्वार्टरच्या विजेवरच चालवून दाखवीन.

१८ नोव्हें.
भंगारातला ट्रान्सफॉर्मर उकलून नवी तार गुंडाळतोय. वेढे मोजताना दोनदा चुकलो. राजम्मा म्हणाली, "तुमी गुंडाळा, मी मोजते." ओकटि, रेंडु, मूडु... सगळे वेढे तेलुगूत. फार गोड मोजते.

२७ नोव्हें.
रेक्टिफायर, कंडेन्सर जोडले. रेडिओला दोन दाब लागतात, नव्वद व्होल्ट आणि दीड; नव्वद मिळाले. दीड व्होल्टची बाजू नाजूक. जरा जास्त झाले की व्हॉल्व्हचे आतले तंतू जळून खलास, रेडिओ कायमचा गप्प.

३ डिसें.
रजा. दुपारी मीटरवर बरोब्बर दीड व्होल्ट. रेडिओ जोडणार, तर तिनं हात धरला.
"थांबा ना. भोंगा होऊ द्या."
"काऊन?"
"भोंगा झाला का दिवा मोठा होते."
हसलो. तरी थांबलो, रेडिओऐवजी टॉर्चचा बल्ब लावून. पाचचा भोंगा झाला, खाणीतली मोठी मोटर थांबली, विजेचा दाब चढला. काटा दोनाजवळ! जोडला असता तर...
एवढी वर्षं मोटर मीच सांभाळतो, मला सुचलं नाही. विचारलं, तुला कसं कळलं?
"रोज पायते. दिवा मोठा झाला का तुमचा भात ठेवते."


९ डिसें.
दाब कमी करायला फिरतं बटण बसवलं. गुरगुर आहे थोडी, पण तेलुगू गाणं लागलं. ती रडली, हसली. मला एकही शब्द कळेना, तरी मीही.

१० डिसें., खाणीत, पाचाला पाच कमी
आज ती एकटी. भोंग्याआधी बटण मागं फिरवायचं, पक्कं बजावलंय. निघताना म्हणाली, "आन गाणं रंगात आलं असन तं?"
म्हणालो, मग गाणंच ऐक, रेडिओ गेला तर गेला.
भोंगा झाला. मोटर थांबली; तिनं बटण फिरवलं का गाणंच ऐकलं, इथून कळायचं नाही.