सुयशने सांगितलेली ओळ

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा.
श्रीखंड वाटीभरच केलं. एकटीला पुरे. सुयशने करून दिलेल्या उपवासाच्या प्रोग्रॅममध्ये नवं वर्ष भरलं. भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून एकादश्या, चतुर्थ्या टाइप करायच्या, मग make लिहून एंटर. उपवासाच्या सकाळी तो पडद्यावर सांगतो, ‘आई, आज एकादशी. उपाशी नको राहू.’
कीबोर्डला हळदकुंकू वाहून एंटर मारलं. एरर. PATH_MAX म्हणजे काय ते म्हणे कॉम्प्युटरला माहीत नाही. दिवाळीत सुयशने जुनं काढून त्यात नवं लिनक्स टाकलं, त्यानंतर हे make पहिल्यांदाच. मॅट्रिकला इंग्रजीत छप्पन्न होते मला. उद्या काढते. सुयशला त्रास नको, बंगलोरची नोकरी नवीन आहे.

२ एप्रिल, बुधवार.
मेनस्विच बंद करून चालू केला. तीच एरर. मोठी अक्षरं रागावल्यासारखी दिसतात म्हणून छोटी केली. आता दोन एरर. प्रगती आहे.
शेजारची उज्ज्वला म्हणाली, काकू, कॅलेंडर समोर टांगलंय की, त्यातच बघा ना! तिला प्रोग्रॅममधलं कळत नाही.

६ एप्रिल, रविवार. रामनवमी.
सुयशचा फोन नाही. बिझी असेल. मी तरी कुठे रिकामी आहे? एररचा फोटो पाठवला. फक्त माहितीसाठी.

७ एप्रिल, सोमवार.
सुयशचा फोन! म्हणाला, अगं आई, मोठी अक्षरं होती तशीच कर. त्या शब्दाचा अर्थ हेडर फाइलीत असतो. जुन्या लिनक्समध्ये ती आपोआप यायची, आता सांगावं लागतं. सगळ्यात वर लिही, #include <limits.h>. लिहिलं. झालं. मग बराच वेळ गुडघा कसा आहे, जेवतेस ना वेळेवर, इथल्या डब्यातल्या पोळ्या म्हणजे रबर. शेवटी आणखी काहीतरी टाइप करून घेतलं आणि म्हणाला, कॉम्प्युटर चालू ठेवत जा. कशाला ते विचारलं नाही.

८ एप्रिल, मंगळवार. एकादशी.
‘उपाशी नको राहू.’ भगर केली.

१३ एप्रिल, रविवार.
फोन नाही. ती वरची ओळ उगाच जास्तीची वाटली. एकदा चाललंय ना, मग कशाला? कुठलीही गोष्ट जास्त नसावी. पुसली. एरर आली. आता येणारच. फोटो पाठवला, मोबाइल चार्ज करून ओट्यावर ठेवला. कुकरही लावला नाही, शिट्टीत रिंग ऐकू येत नाही.

१४ एप्रिल, सोमवार.
सुयशचा मेसेज. ‘झालं आई. त्या दिवशी टाकून घेतलं ना, आता इथूनच दुरुस्त करता येतं. तुला फोनची कटकटच नाही.’
ओळ जागेवर आली होती. पोरगा हुशार आहे. माझा केवढा वेळ वाचला.

१६ एप्रिल, बुधवार. संकष्टी.
‘आई, आज चतुर्थी. उपाशी नको राहू.’
नाही राहत, म्हटलं. मोठ्याने म्हटलं. मग मेनस्विच बंद केला.