मर्लचं नेलपॉलिश

५ जानेवारी, अ‍ॅडलेड
आजपासून रोज लिहिणार. मोठ्या शोधाची नोंद शोधकाच्याच हातची असावी. पानावरच्या ज्या बारीक रंध्रांतून रोप श्वास घेतं, ती घडवणारा बार्लीतला जीन मी दाबलाय. रंध्रं निम्म्याहून कमी. पाणी उडणार कुठून? दुष्काळाची खोड मोडली. वाणाला बायकोचं नाव देणार, मर्ल. सध्या ती छातीच्या दुखण्यासाठी हॉस्पिटलात आहे. चार दिवसांत घरी येईल.

८ जानेवारी
रंध्रं मोजायची तर पानाला बिनरंगी नेलपॉलिश फासायचं, वाळलं की सोलायचं. हुबेहूब ठसा. लॅबचं संपलं, म्हणून मर्लची बाटली नेली. तिला सांगितलं. म्हणाली, "चाळीस वर्षांत माझ्या नखांकडे बघितलं नाहीस क्लाइव्ह, आणि त्या गवताला रोज नटवतोस. एकदा मलाही लाव की."
रविवारी नक्की, म्हटलं.

११ जानेवारी, रविवार
निघालोच होतो. पण नवी पानं ठशाजोगी झालेली, आणि बाटलीत थोडंच उरलंय. पानं थांबत नाहीत. मर्ल समजूतदार आहे. फोनवर तिला धाप लागत होती, म्हणून मीच बोललो, बार्लीबद्दल. तिला बरं वाटलं असावं.

१५ जानेवारी
त्रेचाळीस डिग्री. काचघरात माझी रोपं करपली. शेजारची साधी बार्ली ताठ. माझी बॉस ब्रॉनविन (वयानं माझ्या निम्मी) म्हणाली, पाणी उडतं म्हणून तर पान थंड राहतं, तुम्ही त्याचा घामच बंद केलात. दोष काचघराच्या पंख्याचा आहे, जीनचा नाही. तसं लेखी कळवलं.

१७ जानेवारी
बाटली घेऊन हॉस्पिटलात गेलो. स्वतःहून. नर्स लोरेटानं अडवलं. बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप आहे, नखांना काही लावायचं नाही. गेल्या रविवारी चाललं असतं, म्हणाली. मर्लनं मास्क जरा बाजूला केला.
"माझं गवत कसंय?"
जोमात आहे, म्हटलं. तिनं माझा हात धरून ठेवला. पकड चांगली होती. क्लिप निघाली की दोन थर देईन.

२० जानेवारी, सकाळ
क्लिप काढलीय, मास्कही. आता लावा, लोरेटा म्हणाली, आणि पडदा ओढून गेली.
लावलं. हात अजिबात हलला नाही, तिचाही आणि माझाही. वाळेपर्यंत शेजारी बसलो. फार एकटं वाटलं.
दहाही नखं झाली. बाटलीत अजून उरलंय.