नायट्रोजनपर्यंत सगळं ठीक होतं

सोमवार, ५ ऑगस्ट
केमिस्ट्रीच्या बाई आठवडाभर रजेवर. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पीटीचे सर, अकरावीचा तास तुम्ही घ्या. मुलं नुसती शांत बसवा." शिकवणारच, असं ठणकावून सांगितलं. विषय: आयनीकरण ऊर्जा. म्हणजे अणूकडून एक इलेक्ट्रॉन हिसकावून घ्यायला लागणारा जोर. जोर हा तर माझाच विषय.

मंगळवार, सकाळी ६
संकल्प: रोज एक तास वाचन. आवर्तसारणीत डावीकडून उजवीकडे गेलं की जोर वाढतो, वरून खाली गेलं की कमी होतो. एवढंच? यासाठी बाई दोन आठवडे घेतात!
६.१०. पुस्तक मिटलं. मेंदूला विश्रांती हवी. झोपलो.

बुधवार
मैदानावर प्रात्यक्षिक. मी केंद्रक, मुलं इलेक्ट्रॉन, भोवती चुन्याची तीन वर्तुळं. मुद्दा असा की बाहेरचा इलेक्ट्रॉन सहज सुटतो. इतका सहज सुटला की कॅन्टीनमध्ये सापडला. आतल्या दोघांनी मात्र मला सोडलं नाही. शर्टाची बाही गेली. बायको म्हणाली, "शिकवत होता की मारामारी करत होता?" तिला विज्ञानाचं अंग नाही.

गुरुवार
पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीने विचारलं, उजवीकडे जोर वाढतो, तर नायट्रोजनपेक्षा ऑक्सिजनचा कमी कसा? म्हटलं, छपाईची चूक. ती म्हणाली, बेरिलियमपेक्षा बोरॉनचाही कमी आहे. म्हटलं, तीही चूकच. सगळ्यांकडून पुस्तकात पेनने दुरुस्ती करून घेतली. उद्या मुख्याध्यापिका तास बघायला येणार. कौतुक कानावर गेलं असणार.

शुक्रवार
मुख्याध्यापिका स्वतः केमिस्ट्रीच्या एमएस्सी निघाल्या. बारा वर्षं इथे नोकरी करतोय, कुणी सांगायला नको? त्यांनी माझ्या हातातून खडू काढून घेतला. (फारसा जोर लागला नाही.) चष्मेवालीला उभं केलं. ती म्हणाली, ऑक्सिजनमध्ये दोन इलेक्ट्रॉन एकाच खोलीत कोंबलेले असतात, एकमेकांना ढकलतात, म्हणून एक लवकर सुटतो. टाळ्या. मीही वाजवल्या. मुलीला विचार करायला कुणी लावलं, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

सोमवार, १२ ऑगस्ट
बाई रुजू झाल्या. माझ्यावर नवी जबाबदारी: अकरावीच्या तासाला शेवटच्या बाकावर बसायचं. निरीक्षणासाठीच, दुसरं काय. दोनशे पानी वही आणायला सांगितली आहे. शनिवारच्या चाचणीच्या यादीत माझं नाव सगळ्यात खाली. वर्णानुक्रमाने लावलं असावं.
तपासलेल्या पेपरवर घरच्यांची सही लागते म्हणे. बायकोला अजून सांगितलेलं नाही.