दारावरचा डहाळा

दानम्मा वन्स,

तुमच्या अमरेशला गोवर निघाला, तवा रीतीनं तुम्ही, बाहेरच्यांनी आत येऊ नये म्हणून, दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला. मग लेकीच्या साखरपुड्याची माणसं दारातूनच परत फिरतील, म्हणून तोच चुलीत घातला. मी नांदेडहून आले, दार मोकळं दिसलं, आत आले. माझं लेकरू लस टोचायच्या वयाचंबी नव्हतं. अमरेश त्याचे मुके घेत होता आणि तुम्ही हसत होता.

लेकराच्या मातीला येऊन "देवीची मर्जी" म्हणालात, तवा मी वरवंटा उचलला. तुमच्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज मला अजून गोड लागतो.

आता तुमच्या गल्लीत घरोघर गोवर हाय म्हणं. एक हात शाबूत हाय तुमचा. डहाळा बांधायला तेवढा पुरतो.

हे पत्र टाकत न्हाई. डहाळा बघायला वरवंटा घेऊन मीच येते.

लेकराची आई,
सुवर्णा