तोलेमा म्हणजे काय

प्रिय भिंगरी,

तुझा माघारीचा अर्ज पोचला. ‘माझा शिष्यवृत्तीचा अर्ज रद्द समजावा’ एवढ्याशा मजकुरात तू दोन वेलांट्या चुकवल्या आहेस, त्यावरून किती चिडून लिहिलंयस ते कळलं. एरवी माझी पुतणी शुद्धलेखनात घसरेल यावर माझा विश्वास नाही. तो अर्ज कचेरीत नेऊन दिला का, असं तू काल दादाकरवी विचारलंस. बापाला मध्ये घालायची काय गरज होती? सांगतो. पण काका संस्कृतचा मास्तर आहे, तेव्हा उत्तराआधी प्रस्तावना ऐकावी लागेल.

कचेरीत गेलो होतो हे खरं. खिडकीवरच्या बाईंनी तुझी फाईल शोधण्याआधी माझीच चौकशी केली. संस्कृत शिकवता? मग तुम्ही आदिवासी कसे? मी म्हटलं, बाई, आदिवासी जन्मापासून आहे, संस्कृत फक्त शाळेच्या वेळात. हसल्या नाहीत. संगणकात तसा रकाना नसावा. आपल्याला काही येत नसलं की यांना वाटतं, शिष्यवृत्ती देऊन उपयोग काय. आणि येत असलं की वाटतं, हिला गरज काय. या दोन्हींच्या मधली नेमकी इयत्ता कोणती, ते एकदा विचारून घ्यायला हवं.

तुझा वैताग मला कळत नाही असं समजू नकोस. फोटो मोठा म्हणून परत आला, लहान केला तर चेहरा ओळखू येत नाही म्हणून परत आला. आजोबांचा जन्मदाखला मागितला. आजोबा जन्मले तेव्हा दाखला देणाऱ्याचा बापसुद्धा जन्मायचा होता. मातृभाषांच्या यादीत आपली भाषाच नाही, म्हणून आपण निमूटपणे ‘इतर’ निवडलं. आणि मग त्याच ‘इतर’ची तोंडी परीक्षा घ्यायला समिती बसवली! जी भाषा यादीत नाही तिच्यात नापास करायची सोय मात्र आहे.

त्या परीक्षेच्या दिवशी मी बाहेर बाकावर होतो आणि दार उघडंच होतं, म्हणून सगळं ऐकलं. समितीतले ते उंच गृहस्थ तुझ्या फायलीवर तळवा दाबून बसले होते, जणू तू ती घेऊन पळणार. त्यांनी मासे ठेवायच्या टोपलीचं चित्र पुढे सरकवलं. तू म्हणालीस, हुरसी. बरोबर सांगितलंस; आपल्या घरात दुसरं काही म्हणतच नाहीत. त्यांनी आपल्या भाषेच्या शब्दांची सरकारी पुस्तिका पाहिली, शेजाऱ्याला दाखवली आणि फुली मारली. म्हणाले, बाळ, याला तोलेमा म्हणतात, हे तज्ज्ञांनी लिहिलेलं आहे. तू म्हणालीस, तोलेमा मी कधी ऐकलंच नाही. ते म्हणाले, तेच तर आम्ही लिहून घेतोय. बाहेर आलीस ती माझ्या बाटलीतलं सगळं पाणी पिऊन टाकलंस. नंतर तुझा निरोप आला की कुणाचं तरी चुकीचं पुस्तक पाठ करून मला पैसे नकोत, वसतिगृह सोडते, दुकानात नोकरी धरते. म्हणजे वाचा-उपचाराचं शिक्षण घेणारी मुलगी शब्दावरून रुसून मोबाईलची कव्हरं विकणार.

मलाही तोलेमा माहीत नव्हतं. वाटलं, दुसऱ्या खोऱ्यातला शब्द असेल. म्हणून आजोबांना विचारलं. त्यांचा कानांशी अबोला आहे हे तुला ठाऊकच आहे. इतकं ओरडावं लागलं की शेजारीण काय झालं म्हणून धावत आली. आणि एकदाचं ऐकू गेल्यावर म्हातारा जो हसत सुटला, तो खोकला लागेपर्यंत. मग सांगितलं. तरुणपणी एकदा ते मासे भरलेली टोपली पाठीवर घेऊन नदीवरून येत होते. वाटेत वही घेतलेले एक साहेब उभे. त्यांनी मागून टोपलीत हात घातला आणि विचारलं, याला काय म्हणता? आजोबा म्हणाले, तोलेमा. साहेबांनी आनंदाने लिहून घेतलं, आणि खात्री करायला पुन्हा हात घातला. आजोबा पुन्हा म्हणाले, तोलेमा, या वेळी जरा मोठ्याने. साहेबांना वाटलं, उच्चार समजावतोय.

भिंगरी, जुन्या लोकांच्या बोलीत तोलेमा म्हणजे ‘हात काढ’. लोट् लकार, मध्यम पुरुष, एकवचन. या विद्वानांनी आज्ञार्थाचं नाम केलं आणि टोपलीला चिकटवलं, आणि त्या नामावर तुझं शिक्षण टांगलं.

मी तीन पानी दुरुस्तीपत्र लिहून नेलं. बाई म्हणाल्या, पुस्तिकेतली दुरुस्ती पुस्तिका काढणाऱ्या विभागाकडे करायची. तो कुठे आहे? तो बंद झाला. मग दुरुस्ती कोण करणार? त्याच विभागाने करायची. इतका निर्दोष युक्तिवाद मी न्यायशास्त्रातही वाचलेला नाही. मी चांगलाच संतापलो होतो, आणि तुझा माघारीचा अर्ज हातातच होता.

तो मी दिला नाही. पिशवीत आहे, वेलांट्या सुधारून. सोमवारी तुझी तोंडी परीक्षा पुन्हा आहे आणि तू येणार आहेस, एवढं सांगायलाच हे पत्र. आजोबा धुतलेला सदरा घालून साक्षीला येतायत. खोटं बोलून पैसे नकोत म्हणतेस, ते योग्यच आहे, म्हणून खोटं बोलूच नकोस. ते चित्र पुढे सरकवतील तेव्हा चित्राकडे बघू नकोस. तुझ्या फायलीवरच्या त्यांच्या तळव्याकडे बघ आणि सांग, तोलेमा. ऐकू गेलं नाही तर पुन्हा, जरा मोठ्याने. ते बरोबरची खूण करतील, शाबास म्हणतील. निकाल हाती आला की अर्थ मी त्यांना लेखी कळवीन, व्याकरणासह. तू फक्त बाहेर येऊन आजोबांच्या कानात हुरसी म्हण.

तुझाच,
वेलांट्या मोजणारा काका