ज्याचं नाव घ्यायचं नाही तो

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी स्वयंपाकघरात खुडबुड झाली की माझा आवाज आपोआप खाली येतो. घाटकोपरच्या चाळीतल्या आपल्या दोन खोल्यांत 'उंदीर' हा शब्द कुणी उच्चारायचा नाही, हा तुझा कायदा. नाव घेतलं की त्याला राग येतो आणि तो नेमका चांगला कपडा कुरतडतो, असं तू मालवणहून शिकून आली होतीस. म्हणून तो कधी 'मामा', कधी 'गणपतीचं वाहन', आणि फारच उच्छाद मांडला तर 'तो बारीक'. घुशीचं नाव मात्र खुशाल घ्यायचीस, कारण घूस गटारात राहते, तिला घरातलं काय कळणार. पिंजरा लावायच्या दिवशी तर तू तांदळाच्या डब्याकडे तोंड करून मोठ्याने सांगायचीस, "आज घरात कायच नाय हां, आमी सगळी गावाक चललव." आणि मला डोळ्यांनी खुणावायचीस की खोबऱ्याचा तुकडा अडकव.

मी तेव्हा मॅट्रिक झालेली, म्हणजे घरातली सगळ्यात शहाणी. एका रविवारी मी ओट्यापाशी उभी राहून मुद्दाम ओरडले, "उंदीर, उंदीर, उंदीर. आज पिंजरा लावणार आहोत, ऐकलंस का रे?" तू चपापून माझ्या तोंडावर पिठाचा हात दाबलास. "हळू बोल गो, तेका आयकाक येता." मी पीठ पुसत हसत सुटले. तू दिवसभर माझ्याशी बोलली नाहीस.

चारच दिवसांनी शाळेत नोकरीसाठी मला मुलाखतीला बोलावलं होतं. तुझी हिरवी नारायणपेठी नेसून जावं असं माझ्या मनात होतं. मागितली असती तर तू दिली असतीस, पण विचारायचा धीर झाला नाही. तू बाजारात गेलीस आणि मी शेजारच्या गुजराती काकूंची कोळशाची इस्त्री आणली. पदरावर ती जरा जास्त टेकली. बघते तर तळहाताएवढं रेशीम करपलेलं, आणि घरभर केस जळल्यासारखा वास. तुझ्याकडे तेवढी एकच चांगली साडी होती. मला रडूच फुटलं. मग मी कात्री घेतली, करपलेला भाग वेडावाकडा, बारीक बारीक दातेरी कापला, साडी ट्रंकेत ठेवली आणि वर कारळ्याचे चार दाणे टाकले, लेंड्या म्हणून. इतकं नीट काम मी शिवणाच्या वर्गातही कधी केलं नव्हतं.

तू आल्या आल्या म्हणालीस, "वास कसलो गो?" मी म्हटलं, काकूंचं दूध उतू गेलं. मग मीच ट्रंक उघडून दाखवली. आता धपाटा बसणार म्हणून पाठ घट्ट केली होती. पण तू पदर मांडीवर पसरून त्या दातेरी कडेवरून बोट फिरवलंस. नंतर डब्याकडे वळलीस आणि जन्मात पहिल्यांदा त्याला नावानं हाक मारलीस. "उंदरा, मेल्या, मी काय कमी केलंय तुका? चेडवान नाव घेतला, माझी साडी कित्याक?" नाव लेकीनं घेतलं तर साडी का, हे माझ्या वाटणीचं सगळं त्यानं ऐकून घेतलं. मला फार लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं.

साध्या सुती साडीत जाऊनही नोकरी मिळाली. इकडे तू तो पदर चाळभर दाखवत फिरलीस. महिन्याभरात आख्ख्या मजल्यावर कुणी तो शब्द उच्चारेना, गुजराती काकूसुद्धा 'मामा' म्हणू लागल्या. शेवटच्या आजारपणात तू नर्सलाही तीच गोष्ट सांगितलीस. तेव्हा खरं सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तुझा चेहरा इतका खुलला होता की मी नुसती मान डोलावली.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, पण घरात ठेवायचीही चोरी आहे, कारण मुलुंडच्या या फ्लॅटमध्ये सूनबाई सगळं वाचते. काल ती फोनवर औषध फवारणाऱ्या माणसाला ओरडून सांगत होती, "उंदीर झालेत हो, उंदीर." मी धावत जाऊन तिला गप्प केलं आणि पदराची गोष्ट ऐकवली. ती म्हणाली, "आई, खरंच त्यानेच कुरतडला होता?" मी म्हटलं, "आईची शपथ." तू आधीच गेलेली आहेस म्हणून तेवढा धीर झाला.